एकेचाळीस लाल चौकोन

१

सोमवारी सकाळी नऊ वाजता डॉक्टरीणबाईंनी चार नंबरच्या खोलीतला फ्रीझर उघडला, आणि आतून त्यांच्या पायांवर पाणी आलं.

उणे ऐंशी अंशांवर चालणाऱ्या फ्रीझरमधून पाणी येतं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. आतल्या कुप्यांत एकोणीस कुटुंबांतल्या मुलांच्या पेशी होत्या. त्या मुलांचा आजार असा, की आधी नजर जाते, मग चालणं जातं आणि शेवटी मूलच जातं. बावीस वर्षं बाई त्या आजाराच्या मागे लागल्या होत्या. काही मुलं केव्हाच गेली होती, त्यांच्या पेशी तेवढ्या मागे राहिल्या होत्या. आता त्याही गेल्या. बाई ओल्या फरशीवर खाली बसल्या.

हे मी ऐकलेलं सांगते. मी तेव्हा घरी वॉशिंग मशीनशी भांडत होते. दोन वर्षांपूर्वी त्या संशोधन संस्थेच्या नेटवर्क विभागाची प्रमुख म्हणून मी निवृत्त झाले, आणि तेव्हापासून माझ्या हाताखाली एक नवरा आणि एक वॉशिंग मशीन एवढंच उरलंय. दोघंही ऐकत नाहीत.

संध्याकाळी नव्या साहेबांचा फोन आला. माझ्या खुर्चीत आलेले हे गृहस्थ. दोन वर्षं झाली तरी सगळे त्यांना नवे साहेबच म्हणतात, त्यावरून काय ते समजा.

“मॅडम, हा घातपात आहे,” ते म्हणाले. “संस्थेतल्या सगळ्या यंत्रांवर लक्ष ठेवणारं आपलं सॉफ्टवेअर शनिवारी दुपारी कुणीतरी आंधळं केलं. नंतर फ्रीझर बंद पडला, आणि सोमवारपर्यंत कुणाला पत्ताच नाही. उद्या चार वाजता बैठक आहे. पोलिसांत द्यायची तक्रार लिहून तयार आहे, फक्त जाणकार माणसाचा अहवाल जोडायचाय. तुम्ही यायचं, नोंदी बघायच्या, सही करायची.”

“तक्रार कुणाविरुद्ध?”

“ज्यांनी ते बसवलं त्यांच्याविरुद्धच. शुक्रवारी निवृत्त झाले आणि शनिवारी सूड उगवला. तुमचे मास्तर.”

माझ्या हातातला ओला मोजा खाली पडला.

२

मास्तर कधी शाळेत शिकवायला नव्हते. एकोणीस वर्षं माझ्यासमोरच्या टेबलावर बसले आणि कुणी काही विचारलं की कागद उलटा करून त्यावर आकृती काढून समजावायचे, म्हणून ते नाव पडलं. मुंगीला बाजूला सरकवायचं असेल तरी आधी अर्ज करतील असा माणूस. ते सॉफ्टवेअर अकरा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी मिळून बसवलं. म्हणजे त्यांनी बसवलं, मी सह्या केल्या. त्याही वेळेवर केल्या नाहीत. सह्यांचा मला आधीपासून कंटाळा.

शुक्रवारी त्यांचा निरोपसमारंभ होता. मला बोलावणं होतं. गुडघा दुखतोय असं मी कळवलं. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं, मला साडी नेसायचा आळस आला होता. ही गोष्ट मंगळवारी सकाळी रिक्षात बसल्यावर मला टोचायला लागली.

नियंत्रण कक्षात भिंतभर स्क्रीन आहे. त्यावर चव्वेचाळीस चौकोन, एकेका यंत्राचा एकेक. त्या दिवशी एकेचाळीस लाल होते आणि तीन हिरवे. पुरावा म्हणून कशालाही हात लावलेला नव्हता. दोन माणसं वह्या घेऊन दर तासाला सगळी यंत्रं डोळ्यांनी बघत हिंडत होती.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण पुढे लागणार आहे. हे सॉफ्टवेअर दर मिनिटाला प्रत्येक यंत्राचं दार ठोठावतं, नाव आणि पासवर्ड सांगून आत जातं आणि विचारतं, सगळं ठीक ना? उत्तर मिळालं की चौकोन हिरवा. नाही मिळालं की लाल, आणि वर शब्द येतात, ‘संपर्क त्रुटी’. अशा वेळी टेबलावरचा भोंगा वाजतो, टेबल रिकामं असेल तर फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे वाजतो, आणि ऐकणाऱ्याने धावायचं असतं.

“आता हे बघा,” नवे साहेब म्हणाले. त्यांनी कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकला. यंत्रं स्वतःही नोंद ठेवतात, कोण आत यायला बघत होतं याची. शनिवार दुपार, एक वाजून अकरा मिनिटं. मास्तरांच्या नावाने प्रवेशाचा प्रयत्न, नाकारला. पुढच्या मिनिटाला पुन्हा. त्याच्या पुढच्या मिनिटाला पुन्हा. एकेचाळीस यंत्रांवर, सोमवार सकाळपर्यंत.

“लाखावर गेलाय आकडा. माणूस घरी बसून दोन दिवस हल्ला करत होता, मॅडम. आणि ज्या मिनिटाला हल्ला सुरू झाला त्याच मिनिटाला आपलं सॉफ्टवेअर आंधळं झालं. आता बोला.”

मी पान उलटलं. मास्तरांचं नाव. पुढचं पान, मास्तरांचं नाव. शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीपर्यंत तेच नाव होतं.

३

शनिवारी टेबलावर चिमणी होती. सत्तावीस वर्षांची पोर, दिवसभर तोंड चालू, म्हणून चिमणी. मास्तरांनी तिला हाताला धरून काम शिकवलेलं. त्या दिवशी ती माझ्यासमोर हाताची घडी घालून बसली होती.

“एक वाजून अकरा मिनिटांनी सगळं एकदम लाल झालं, मॅडम. मी सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा लाल. मग मी म्हटलं, एकेचाळीस यंत्रं एका मिनिटात मरतात होय? घरातले सगळे दिवे एकदम गेले तर आपण एकेक बल्ब बदलत बसतो का? म्हटलं सॉफ्टवेअरलाच काहीतरी झालंय. भोंगा बंद केला, फाटकावरचाही, सोमवारसाठी चिठ्ठी लिहिली आणि दोनला माझी पाळी संपली.”

“भोंगा बंद करण्याआधी एक फेरी मारलीस का?”

“मारली ना. सगळे फ्रीझर व्यवस्थित चालू होते. चार नंबरचासुद्धा. देवाशप्पथ.”

मुलीने अक्कल वापरली होती. तिच्या जागी मी असते तर हेच केलं असतं, आणि फेरी मारलीच असती असं छातीवर हात ठेवून सांगवत नाही. पण मग त्या अकलेने कुणाला काहीच कसं कळवलं नाही?

“फोन कुणाला केलास?”

“कुणालाच नाही.”

दोनच शब्द होते आणि चिमणीच्या तोंडून आले होते. ही बाई साधी वेळ सांगायची तरी चार वाक्यं घेते. मी टेबलावरचा फोन पुढे ओढला आणि आधीचे नंबर बघितले. शनिवार, एक चोवीस. तो नंबर मला तोंडपाठ होता, एकोणीस वर्षं मीच सगळ्यांच्या आधी तो फिरवायचे.

चिमणीचा चेहरा पडला. “मी कुणाला सांगितलं नाही, कारण ते आणखी अडकले असते ना! काही बिघडलं की मास्तरांना विचारायचं, हातच गेला हो फोनकडे. मी म्हटलं, मास्तर, सगळं लाल झालंय.”

“मग?”

तिने ओढणीने नाक पुसलं. “ते म्हणाले, ‘काय झालंय ते माझ्या लक्षात आलं. पण आता मी तुमच्याकडचा नाही. तुझ्या साहेबांना विचार.’ आणि ठेवला फोन.”

४

म्हणजे मास्तरांना ठाऊक होतं. मी अर्धा कप गार चहा घशाखाली ढकलला आणि मनात म्हटलं, बाई, सही करून घरी जा. पण मला त्या कागदांचा राग आला होता. इतका स्वच्छ पुरावा मी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि आमच्या धंद्यात स्वच्छ काहीच नसतं.

मी स्क्रीनपुढे बसले. चौकोनावर नुसतं ‘संपर्क त्रुटी’ दिसतं. खरं कारण बघायचं तर त्यावर टिचकी मारावी लागते, आणि ती तसदी कुणी घेत नाही. मी एकेक करून एकेचाळीस ठिकाणी टिचकी मारली.

दार ठोठावल्यावर दोन गोष्टी होऊ शकतात. घरात कुणी नसतं, मग ओ येत नाही. किंवा कुणीतरी दार उघडतं आणि म्हणतं, मी तुम्हाला ओळखत नाही, चला. लाल रंग दोन्हींचा सारखाच, पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. इथं सगळीकडे दुसरा प्रकार होता: ‘ओळख नाकारली’. यंत्रं जिवंत होती, तारा धड होत्या, नुसतं आत घेत नव्हती.

चार नंबरच्या फ्रीझरची गोष्ट मात्र वेगळी निघाली. एक अकराला ‘ओळख नाकारली’. आणि दोन पन्नासला, एकदम, ‘उत्तर नाही’. त्या मिनिटाला फ्रीझरवरच्या, सॉफ्टवेअरला उत्तर देणाऱ्या डबीची वीज गेली होती.

“शनिवारी दोन पन्नासला त्या कॉरिडॉरमध्ये कोण होतं?” मी विचारलं.

फरशी घासणारे काका होते. त्यांना बोलावलं तर बिचारे टोपी हातात घेऊन आले. “मशीन लावलं आणि फट् झालं. म्हटलं, जळलं. दुरुस्तीला घेऊन गेलो. काय झालं, बाई?” मशीनने पाडलेला कॉरिडॉरचा खटका चार नंबरच्या खोलीचीही वीज तोडतो, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. बंद इमारतीत फ्रीझर बॅटरीवर दोन दिवस एकटाच ओरडत राहिला असणार.

म्हणजे फ्रीझर कुणी मारला नव्हता. पण आंधळं कुणी केलं, हा प्रश्न उरलाच. मी त्या लाखभर नोंदींकडे वळले आणि या खेपेला नाव सोडून बाकीचं वाचलं. दर प्रयत्न बरोबर साठ सेकंदांनी. शनिवारी, रविवारी, पहाटे, भर दुपारी, एकाही सेकंदाची चूक नाही. एवढा नेमका माणूस आईच्या पोटी जन्माला आलेला नाही. शिवाय प्रयत्न कुठून आला त्याचा पत्ताही लिहिलेला होता. तो मास्तरांच्या घरचा नव्हता. तो माझ्या पायाशी, टेबलाखाली घरघरणाऱ्या मशीनचा होता. सॉफ्टवेअर चालतं त्याच मशीनचा.

मी वर पाहिलं. “चिमणे, हे तीन हिरवे का राहिले गं?”

“ते होय? ते यंदा नवीन आलेत. मी जोडले.”

“कुणाच्या नावाने?”

“माझ्याच. आत जायला कुणाचं तरी नाव द्यावं लागतंच ना! आणि बाकी सगळे तर पहिल्यापासून मास्तरांच्याच...” ती मध्येच थांबली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

५

लाखभर वेळा दार ठोठावणारे मास्तर नव्हतेच. ते आमचंच सॉफ्टवेअर होतं. अकरा वर्षं ते मास्तरांचं नाव सांगून घरोघर जात होतं आणि अकरा वर्षं त्याला सगळे ओळखत होते. शनिवारी दुपारी एकाएकी त्या नावाला कुणी ओळखेना.

का ओळखेना, हे विचारायला मी खालच्या मजल्यावर आस्थापनेत गेले. तिथले भाऊ कपाटातल्या फायलींइतकेच जुने आहेत.

“शनिवारी अर्धा दिवस होता. निघण्यापूर्वी हातातलं काम संपवलं,” भाऊ म्हणाले. “एक वाजून दहा मिनिटांनी मास्तरांचं खातं बंद केलं. माणूस गेला की खातं बंद, नियम आहे. तुमचंही मीच बंद केलं होतं की.”

एक दहाला नाव पुसलं, एक अकराला एकेचाळीस यंत्रांनी हात वर केले. चोर नाही, दरोडेखोर नाही. इकडे लोक साप साप म्हणून भुई धोपटत होते. मला इतकं हलकं वाटलं की मी भाऊंच्या डब्यातल्या दोन बिस्किटांवर हात मारला.

“पण काय हो भाऊ,” मी तोंडात बिस्किट ठेवून म्हटलं, “असल्या कामाला माणसाचं खातं वापरूच नये. यंत्रासाठी वेगळं, कुणाच्याही नावाचं नसलेलं खातं काढायचं असतं. मास्तरांसारख्या माणसाला हे कळू नये?”

भाऊंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग उठले, तळाच्या खणातून एक पिवळी फाईल काढली आणि माझ्यापुढे उघडून ठेवली.

त्यात तीन अर्ज होते, मास्तरांच्या ठसठशीत अक्षरात. अकरा, दहा आणि आठ वर्षांपूर्वीचे. विषय: देखरेखीच्या कामासाठी स्वतंत्र खाते मिळणेबाबत. पहिल्यात त्यांनी चक्क लिहिलं होतं, ‘मी उद्या आजारी पडलो किंवा नोकरी सोडली तर संपूर्ण देखरेख बंद पडेल.’ त्याच्या कोपऱ्यात तिरकी ओळ होती: ‘सध्या आपलेच खाते वापरावे. पुढे पाहू.’ दुसऱ्यावर फक्त ‘पुढे पाहू.’ तिसऱ्यावर नुसतीच सही.

“सही तुमची आहे, मॅडम,” भाऊ म्हणाले.

६

त्या खात्यासाठी वरच्या कार्यालयाचा सात सह्यांचा फॉर्म भरावा लागायचा. तेवढंच. सात सह्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी मी सकाळपासून सगळ्यांची उलटतपासणी घेत हिंडत होते. मला ते अर्ज आठवतही नव्हते. ते आठवत नव्हते याची मला जास्त लाज वाटली.

दोन वाजता मी मास्तरांच्या घरी पोहोचले. दार वहिनींनी उघडलं. “दोन दिवस जेवले नाहीत,” त्या हळूच म्हणाल्या. “तुम्ही तरी सांगा.”

मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. मला बघून उठले, एकोणीस वर्षं उठायचे तसेच.

“बसा हो,” मी खेकसले. “मी आता तुमची कुणी साहेब नाही. मला सगळं कळलंय, दोन पन्नासला फ्रीझरचा खटका पडला तेही. अर्जही पाहिले. त्यांची एक प्रत दाखवली असती तर तुमच्यावर बोटसुद्धा कुणी उचललं नसतं. गप्प का बसलात?”

“अर्ज दाखवले तर सही तुमची निघते.”

“निघू दे ना! माझी सही आहे, माझीच निघणार.”

“तेवढंच नाही, मॅडम.” ते पुन्हा बसले. “तुम्हाला वाटतं मी तुमच्यासाठी गप्प आहे. थोडंफार तेही असेल. पण शनिवारी चिमणीचा फोन आला, आणि ती ‘सगळं लाल’ म्हणाली त्या क्षणी मला उमगलं. शुक्रवारपर्यंत नव्हतं सुचलं. अकरा वर्षं रोज डोळ्यांसमोर स्वतःचं नाव, दिसेनासंच झालं होतं. पण तेव्हा कळलं. एक वाक्य सांगायचं होतं. भाऊंना सांग, खातं चालू करा. ते निघालेही नसतील कदाचित.”

“मग का नाही सांगितलंत?”

त्यांनी हातांकडे बघितलं. “शुक्रवारी साहेब भाषणात म्हणाले, आता जुनी माणसं आणि जुनं सॉफ्टवेअर, दोन्ही एकदमच बदलता येईल. गंमत केली त्यांनी. सगळे हसले. चिमणीही हसली. तुमची खुर्ची रिकामी होती. मला वाटलं, एवढी वर्षं मी यांच्यासाठी... जाऊ द्या. शनिवारी फोन आला तेव्हा राग नाकावर होता. म्हटलं, आता विचारा त्या नव्याला.”

वहिनी पाण्याचा पेला घेऊन दारातच थांबल्या होत्या.

“अर्ध्या-पाऊण तासात राग उतरला, मॅडम. दोन वाजून पाच मिनिटांनी मी उलटा फोन लावला. चिमणी गेली होती. साहेबांना लावला, त्यांनी उचलला नाही. मग म्हटलं, सोमवारी सांगू, सगळं नीट चालू असेल तर दोन दिवस नजर नसल्याने काय होतंय? आणि पाऊण तासाने तो खटका पडला.” वहिनींनी पेला पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. “त्या मुलांच्या कुप्यांवरच्या चिठ्ठ्यासुद्धा मी बाईंना छापून दिल्या होत्या. पोलिसांना काय सांगू, मी काही केलं नाही म्हणून? काही केलं नाही हेच तर केलं.”

मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. एकोणीस वर्षांत आम्ही कधी साधं शेकहँडही केलं नव्हतं, आणि त्या दिवशीही ते जमलं नाही.

“चप्पल घाला,” मी म्हटलं. “चारला बैठक आहे.”

७

बैठकीत मी बसून बोलले, कारण गुडघा आता खरोखरच दुखत होता. एक दहा, एक अकरा, दोन पन्नास. न बोलावता आलेले भाऊ फाईल घेऊन उभे राहिले. टेबलाखालच्या मशीनचा पत्ता मी मोठ्याने वाचला. शेवटी तीन अर्ज वाचले, तिरक्या ओळींसकट.

“ही तक्रार तुम्ही पोलिसांत दिलीत तर चोर सोडून संन्याशाला फाशी होईल,” मी म्हटलं. “माझ्या अहवालात पहिलं नाव माझं आहे.”

नव्या साहेबांनी खाकरून घसा साफ केला. त्यांच्या फोनवर शनिवारच्या न घेतलेल्या फोनची नोंद अजून असणार, हे त्यांनाही आठवलं असावं. “मॅडम, नाव कशाला? ‘यंत्रणेतील त्रुटी’ असं लिहू. सगळ्यांच्याच दृष्टीने बरं.”

“त्रुटी यंत्रणेत नव्हती. माझ्या आळसात होती. तसंच लिहा.”

त्यांनी तक्रारीचा कागद उचलला आणि घडी करून खिशात घातला. मास्तर सुटले. मला वाटलं होतं, या क्षणी काहीतरी बरं वाटेल. मास्तरांकडे बघितलं तर ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बघत होते, डॉक्टरीणबाईंकडे.

“ठरलं तुमचं, कुणाची चूक ते?” बाईंनी विचारलं. आवाजात रागसुद्धा नव्हता. “आता माझं ऐका. मला एकोणीस घरी फोन करायचेत. काल सकाळपासून नंबर समोर घेऊन बसलेय आणि हिंमत होत नाही. त्यांना काय सांगू? सात सह्या जमल्या नाहीत म्हणून?”

मी यादीसाठी हात पुढे केला.

“मी करते फोन,” मी म्हटलं.

बाईंच्या खोलीत मास्तर माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले. मी नको म्हटलं होतं, पण त्यांनी ऐकलं नाही. यादी बाईंच्या अक्षरात होती. नावापुढे मुलाचं वय, काहींच्या पुढे एक छोटी फुली. मी पहिला नंबर लावला. त्याच्यापुढे फुली होती.

“हॅलो, मी संस्थेतून बोलतेय. डॉक्टरीणबाईंच्या—”

“अगं बाई, संस्थेतून?” पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला. “थांबा हं, एक मिनिट थांबा. अहो, लवकर या, संस्थेतून फोन आलाय!” मग ती बाई फोनच्या अगदी जवळ आली, धाप लागलेली. “औषध सापडलं का हो? थोरला तर गेला आमचा, त्याचं आता काही नाही. पण बाई म्हणाल्या होत्या, त्याच्या पेशींवरून कळेल म्हणून. धाकटीला अजून दिसतंय हो. काल तिने सुईत दोरा ओवला.”

मास्तरांनी डोळे मिटले.

मी सांगितलं. काही गाळलं नाही. फ्रीझर, शनिवार, अर्ज, माझी सही, माझं नाव. पलीकडून मध्येच नवऱ्याचा आवाज आला, काय म्हणतात, काय म्हणतात, आणि तिने त्याला गप्प केलं. माझं बोलून झालं. मला वाटलं, आता ती शिव्या देईल. मला त्या हव्या होत्या.

“मग आता धाकटीचं काय?” तिने विचारलं.

मला माहीत नाही, असं मी तिला सांगितलं. तिने फोन ठेवला नाही, तशीच वाट बघत राहिली, आणि माझ्याकडे सांगायला दुसरं काहीच नव्हतं.